एमजीबीच्या पुढच्या स्प्रिंगा घेताय? मग नुसती लांबी बघू नका

एमजीबी ह्या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या स्प्रिंगा घ्यायला गेलं की सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, "गाडी किती खाली बसेल?" आणि उत्तरही ठरलेलं, "एक इंच." हा एक इंच कुठल्या गाडीवर मोजला, टायर कुठले होते, हे कोणी विचारत नाही आणि कोणी सांगतही नाही. १९६२ ते १९८० अशी ही गाडी इंग्लंडात अ‍ॅबिंग्डनला बनत होती, पाच लाखांच्या वर बनल्या, सगळ्यांची पुढची बाजू सारखी कशी असेल?

म्हणून आधी आपली गाडी नक्की कुठली ते बघा: क्रोम बंपर की रबर बंपर, रोडस्टर (उघडणाऱ्या छताची) की जीटी (पक्क्या छताची). १९७४ मध्ये रबर बंपर आले तेव्हा अमेरिकेतल्या बंपरच्या उंचीच्या नियमासाठी गाडी वर उचलली गेली आणि त्यासाठी पुढचा क्रॉसमेंबरच (पुढचं सस्पेन्शन ज्याला जोडलेलं असतं तो आडवा तुळईसारखा भाग) बदलला. त्यामुळे रबर बंपरवाल्यांनी नुसत्या छोट्या स्प्रिंगा टाकून क्रोमच्या उंचीला यायचा हट्ट करू नये, गाडी खाली येईल पण विशबोनचे (चाक गाडीला जोडणाऱ्या, वरखाली हलणाऱ्या हातांचे) कोन बिघडतील.

मग मोजमाप. टाकी भरलेली, जमीन सपाट, गाडी पुढेमागे ढकलून नीट बसू द्या आणि चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजा. जमिनीपासून मोजलं तर टायर आणि हवा दोन्ही त्यात येतात, तो आकडा काही कामाचा नाही. गाडी एका बाजूला कलली असेल तर पुढच्या क्रॉसमेंबरच्या बरोबर मध्याखाली जॅक लावून थोडी उचला. तरीही कललेली दिसली तर दोष मागच्या पाट्यांत आहे, सरळ झाली तर पुढे. एवढं न बघता लोक पुढच्या स्प्रिंगा बदलतात आणि गाडी आहे तशीच वाकडी राहते.

आता खरी गोची. मलाही बरेच दिवस छळलं होतं ह्या भागाने, कारण जो तो टेबलावर ठेवलेल्या मोकळ्या स्प्रिंगची लांबी सांगतो. मोकळ्या लांबीवरून गाडीची उंची कळत नाही. कारखान्याचेच आकडे घ्या. क्रोम बंपर रोडस्टरची स्प्रिंग मोकळी असताना ९.९ इंच, जीटीची ९.१, म्हणजे जीटीची जवळपास पाऊण इंचाने छोटी. पण रोडस्टरच्या स्प्रिंगला एक इंच दाबायला ३४८ पाउंड लागतात आणि जीटीच्या स्प्रिंगला ४८०. दोन्हींवर १०३० पाउंड वजन ठेवा: पहिली २.९६ इंच दबते, दुसरी २.१५, आणि दोन्ही येऊन थांबतात जवळपास ७ इंचांवर! छोटी स्प्रिंग घेतली म्हणून गाडी खाली बसली असं अजिबात होत नाही. म्हणून विकणाऱ्याला दोनच गोष्टी विचारा, कडकपणा किती आणि अमुक वजनाखाली लांबी किती. दुसरं सांगता येत नसेल तर ती स्प्रिंग घेऊ नका, डब्यावर "स्पोर्ट" लिहिलेलं असो नाहीतर रंग कितीही झकास असो.

त्यात अजून एक पेच आहे. स्प्रिंग विशबोनच्या साधारण मध्यावर बसते, त्यामुळे तिथला अर्धा इंच चाकाशी जवळपास एक इंच होतो. दुकानदाराचा "एक इंच" स्प्रिंगचा की गाडीचा, हे विचारून घ्याच, नाहीतर गाडी दोन इंच खाली जाऊन प्रत्येक स्पीडब्रेकरला पोट घासेल.

जुनी स्प्रिंग बसली म्हणजे ती "मऊ झाली" असं म्हणतात, तेही चूक. तिची लांबी कमी होते, कडकपणा जवळपास तोच राहतो. म्हणून गाडी खाली आली एवढ्यावरून कडक स्प्रिंगा मागवू नका. जुन्या स्प्रिंगची तार मोजणार असाल तर आधी गंज आणि रंग खरवडून काढा आणि मग व्हर्निअर लावा, कारण कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातावर जातो, तार १० टक्के जाड धरली की हिशोब ४६ टक्के चुकला. स्प्रिंग कापायची तर अजिबात नाही, वेढे कमी झाले की ती कडक होते. गॅसने तापवून बसवणं त्याहून वाईट, त्याने पोलादाचं पाणीच जातं.

माझं मत विचाराल तर रस्त्यावर चालवायच्या रोडस्टरला ३४८ पुरते, ४८० ही शेवटची हद्द. वळणावर गाडी जास्त झुकते असं वाटत असेल तर आधी जाड अँटीरोल बार (दोन्ही बाजूंना जोडून झुकणं कमी करणारा दांडा) बघा. आणि ह्या गाडीत पुढचा लिव्हरवाला शॉकअप हाच वरचा विशबोनही असतो, तो तेल गाळत असेल किंवा ढिला असेल तर स्प्रिंग कुठलीही टाका, पैसे वाया.

वजनाखालच्या दोन लांब्यांमध्ये अडकलात तर छोटी घ्या. तिच्यावर पॅकिंग टाकून गाडी वर आणता येते, लांब आलेल्या स्प्रिंगचं काही करता येत नाही.

बसवणं सोपं आहे, फक्त स्प्रिंगपॅनखाली (स्प्रिंग ज्यावर बसते त्या बशीखाली) जॅक ठेवून आणि लांब बोल्ट लावून हळूहळू खाली सोडा, दबलेली स्प्रिंग सुटली तर हात जाईल. रबरी बुशांचे बोल्ट मात्र गाडी चाकांवर उभी असताना शेवटचे आवळा, नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

थोडे दिवस चालवून झाल्यावर परत मोजा, नव्या स्प्रिंगा किंचित बसतात. मगच चाकांचं अलाइनमेंट आणि हेडलाइट लावून घ्या. ब्रिटनमध्ये ४० वर्षांवरच्या, फारसे बदल न केलेल्या गाडीला एमओटी (दरवर्षीची सरकारी तपासणी) सक्तीची नाही, त्यामुळे हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातायत हे दुसरं कोणी तपासून सांगणार नाही.