मेंदूच्या आजारात बेशुद्ध झालेल्या रुग्णाचा श्वासमार्ग कसा सांभाळावा

खानदेशातील ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत रात्रपाळी करणाऱ्या वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठी हे लिहीत आहे. मेंदूतील रक्तस्राव, लकवा, न थांबणारी आकडी किंवा मेंदूज्वर यांमुळे आधीच घायाळ झालेल्या मेंदूला, श्वासनलिकेत नळी घालण्याच्या दोन-चार मिनिटांत घसरलेला ऑक्सिजन किंवा रक्तदाब पुन्हा इजा करतो, म्हणून सारी तयारी ही घसरण टाळण्यासाठी करावी.

रुग्ण येताच त्याला कुशीवर वळवून तोंडातील लाळ व उलटी सक्शनने काढावी, ऑक्सिजन सुरू करावा, डोक्याकडची बाजू ३० अंश उचलावी आणि बोटातून रक्तशर्करा तपासावी. ती कमी असेल तर २५ टक्के डेक्स्ट्रोज दिल्यावर अनेकदा नळीची गरजच उरत नाही. नातेवाईक पाणी पाजत असतील किंवा आकडीसाठी कांदा हुंगवत असतील, तर त्यांना शांतपणे पण ठामपणे थांबवावे.

नळी घालायची की नाही, हे ठरवताना ‘जीसीएस (शुद्धीची पातळी दाखवणारे गुण, १५ म्हणजे पूर्ण शुद्धी) आठ म्हणजे नळी’ हा डोक्याच्या दुखापतीतून आलेला नियम जसाच्या तसा लावू नये. आकडी थांबल्यानंतर गुंगीत असलेला, पण खोकणारा आणि नीट श्वास घेणारा रुग्ण अनेकदा थोड्या वेळात शुद्धीवर येतो. याउलट, रक्तस्रावाचा रुग्ण जीसीएस ११ वर असूनही उलट्या करत हळूहळू खालावत असेल आणि त्याला धडगावहून चांदसैली घाटातून पुढे न्यायचे असेल, तर निघण्यापूर्वीच नळी घालावी, कारण घाटातल्या वळणांवर धावत्या रुग्णवाहिकेत ते काम करण्याची वेळ कोणावरही येऊ नये.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. पहाटे पोटदुखीने उठलेला, पापण्या मिटलेला, हातपाय न हलवणारा शेतमजूर मण्यारदंशाचाही असू शकतो. तो बेशुद्ध दिसतो, पण अनेकदा सर्व ऐकत असतो. कापसावर फवारणी करून आलेल्या रुग्णाच्या बाहुल्या टाचणीएवढ्या असतील, तर कीटकनाशकाची विषबाधा गृहीत धरून सक्सिनिलकोलिन हे स्नायू शिथिल करणारे औषध टाळावे, कारण अशा रुग्णात त्याचा परिणाम बराच लांबतो.

औषधे देण्यापूर्वी जीसीएस, दोन्ही बाहुल्या, नजरेचा कल आणि चारही हातापायांची हालचाल नोंदवावी. स्नायू शिथिल झाल्यावर ही माहिती मिळत नाही आणि पुढच्या न्यूरोसर्जनचा निर्णय बऱ्याच अंशी तिच्यावरच अवलंबून असतो. माझ्या मते ही दोन मिनिटे सर्वांत मोलाची आहेत.

त्यानंतर तीन मिनिटे पूर्ण ऑक्सिजन द्यावा आणि नळी जाईपर्यंत नाकातील ऑक्सिजन चालू ठेवावा. रक्तदाब चांगला असेल तर फेंटॅनिल हे वेदनाशामक आधी द्यावे. गुंगीसाठी इटोमिडेट ०.३ मिलिग्रॅम प्रतिकिलो किंवा केटामिन १ ते २ मिलिग्रॅम प्रतिकिलो चालते. मेंदूतील दाब वाढण्याच्या जुन्या भीतीने केटामिन नाकारण्याचे कारण आता उरलेले नाही. प्रोपोफॉलने रक्तदाब कोसळू शकतो, म्हणून सलाइन चालू आणि रक्तदाब वाढवणारे नॉरॲड्रेनालिन हाताशी असावे. शिथिलतेसाठी रोक्युरोनियम १.२ मिलिग्रॅम प्रतिकिलो किंवा सक्सिनिलकोलिन १.५ मिलिग्रॅम प्रतिकिलो वापरावे, मात्र कित्येक दिवसांपासून लकवा असलेल्याला सक्सिनिलकोलिन दिल्यास रक्तातील पोटॅशियम धोकादायक वाढू शकते. ही दोन्ही औषधे २ ते ८ अंश तापमानात ठेवावी लागतात, त्यामुळे जळगाव-भुसावळकडच्या उन्हाळ्यात वीज गेल्यावर फ्रिजकडेही कोणीतरी लक्ष ठेवायला हवे.

नळी जागेवर आहे याची खात्री कॅप्नोग्राफीने, म्हणजे उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड मोजून, करावी. मान घट्ट आवळेल अशी दोरी न बांधता नळी चिकटपट्टीने बसवावी, कारण मानेतल्या शिरा दबल्या की मेंदूतील दाब वाढतो. घाईने अँब्यू बॅग (हाताने श्वास देण्याची पिशवी) दाबत राहणे ही नेहमीची चूक आहे: कार्बन डायऑक्साइड फार घटला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावून रक्तपुरवठा कमी होतो. उच्छ्वासाच्या शेवटचा (एंड-टायडल) कार्बन डायऑक्साइड ३५ ते ४० मिमी पारा ठेवावा. एक बाहुली मोठी होऊन स्थिर झाली, तरच थोड्या वेळापुरता तो ३० ते ३५ वर आणावा.

रोक्युरोनियमच्या परिणामाखाली आकडी दिसत नाही, पण मेंदूत ती चालूच राहू शकते, म्हणून आकडीच्या रुग्णाला लेव्हेटिरासेटाम हे आकडीविरोधी औषध आणि गुंगीचे औषध नळीनंतर लगेच सुरू करावे. प्रवासापूर्वी ऑक्सिजनचा हिशेब करावा: १,५०० लिटरचा भरलेला सिलिंडर मिनिटाला १० लिटरने अडीच तासांत संपतो, आणि रस्ता बंद असल्यास लागणारा जादा वेळही त्यातच धरावा.