कॉमिकवर मत लिहायचंय? आधी चौकटी मोजा

कॉमिकवरची बहुतेक मतं कथेपाशीच थांबतात. चित्रकाराच्या वाट्याला शेवटी 'चित्रं छान आहेत' एवढी एकच ओळ येते. हा अन्यायच आहे, कारण कॉमिकमधली निम्मी गोष्ट तोच सांगत असतो.

म्हणून अंक दोनदा वाचा. पहिल्यांदा सलग, काही न टिपता. दुसऱ्यांदा संवादाच्या फुग्यांतला मजकूर सोडून नुसती चित्रं बघत जा. कोण चिडलंय, कोण लपतंय, मधे किती वेळ गेला, हे मजकुराशिवाय कळलं तर काम चोख झालंय. चित्रात दार उघडं दिसतंय आणि फुग्यातही 'अरे, दार उघडं आहे!' असंच म्हटलंय, तर तो पानक्रमांक टिपा. मत तिथूनच तयार होतं.

मग सगळ्यात आवडलेलं किंवा खटकलेलं एकच पान घ्या आणि चौकटी मोजा. 'वॉचमेन' या इंग्रजी कॉमिकची (१९८६-८७) बरीचशी पानं तीन गुणिले तीन अशा नऊ चौकटींवर बेतलेली आहेत. हा ठोका इतका सारखा पडतो की एखादी चौकट जरा रुंद झाली तरी नजर तिथे अडखळते. पाचवं प्रकरण तर आरशासारखं रचलंय: पहिल्या पानाची मांडणी शेवटच्याशी जुळते आणि मधली १४-१५ ही पानं समोरासमोर येतात. मोबाइलवर एकेक चौकट सरकवत वाचलं तर यातलं काहीच हाती लागत नाही. शिवाय धक्का देणारं चित्र बहुधा पान उलटल्यावर, डावीकडच्या सम पानावर ठेवतात. पडद्यावर तोही निसटतो. पानाच्या रचनेबद्दल बोलायचं असेल तर छापील प्रत घ्या, नाहीतर दोन पानं शेजारी दिसतील एवढा पडदा तरी हवा.

जुन्या वेताळकथांना (म्हणजे 'फँटम'च्या, विक्रम-वेताळाच्या नव्हेत) 'तेच तेच सांगतात' म्हणून गुण कापण्याआधी थांबा. इंद्रजाल कॉमिक्सने १९६४ पासून त्या पुस्तकरूपात आणल्या, पण मुळात त्या वर्तमानपत्रातल्या पट्ट्या. कालचा धागा आज पुन्हा जोडून द्यावा लागायचा, म्हणून ती उजळणी.

अनुवाद असेल तर फुगे जवळून बघा. मराठीला ओळीच्या वर मात्रा-वेलांट्यांना आणि खाली उकारांना जागा लागते. मूळ फुगा तसाच ठेवून मजकूर कोंबला की अक्षरं बारीक होतात, ओळी एकमेकींना चिकटतात. हा दोष अनुवादकाच्या माथी मारू नका. मांगा, म्हणजे जपानी कॉमिक, उजवीकडून डावीकडे वाचतात. काही अनुवादांत म्हणून चित्रं आरशातल्यासारखी उलटी छापलेली असतात आणि उजव्या हाताने तलवार चालवणारा डावखुरा होतो.

लिहिताना कथा तीन-चार वाक्यांत आटपा, शेवट फोडू नका. लेखक, पेन्सिलकाम, शाई (पेन्सिलच्या रेषा शाईने पक्क्या करणं), रंग, अक्षरलेखन यांची नावं श्रेयपानावरून नीट उतरवा. शाई करणाऱ्याचं श्रेय पेन्सिलवाल्याला देणं ही नेहमीची चूक. प्रत्येक विशेषणामागे एक पान दाखवता आलं पाहिजे. 'रेषा सुंदर' यापेक्षा 'रेषा जाड, सावल्या ठार काळ्या, मधली करडी छटाच नाही' हे वाचणाऱ्याला दिसतं.

हातात कुठली आवृत्ती होती तेही सांगा. जाड एकत्रित खंडात दोन पानांवर पसरलेल्या चित्राचा मधला भाग बांधणीत गडप होतो, आणि विकत घेणाऱ्याला ते आधी कळलेलं बरं.