ब्लॅकआउटमध्ये दिवा चालू राहतो: माझा अनुभव

नाटकाच्या प्रकाशयोजनेत क्यू १२ (क्यू म्हणजे कन्सोलवर साठवलेली दिव्यांची स्थिती) मध्ये चॅनेल ५ चा दिवा नव्याने ३०% वर घेतला, तर क्यू १८ च्या ब्लॅकआउटमध्ये, म्हणजे सगळे दिवे बंद व्हायला हवेत तिथेही, तो जळतच राहिला. फेड टाइम वाढवून आणि क्यू १२ पुन्हा रेकॉर्ड करून काही फरक पडला नाही. डोकं पिकलं.

कारण ट्रॅकिंग, म्हणजे नवी आज्ञा मिळेपर्यंत चॅनेल जुनीच व्हॅल्यू धरून राहतो. चॅनेल ५ ला क्यू १८ मध्ये शून्याची आज्ञाच नव्हती, त्यामुळे जुनी व्हॅल्यू पुढे वाहत आली. ईऑस या लाइटिंग कन्सोलवर अशी व्हॅल्यू मॅजेंटा रंगात दिसते.

उपाय असा: आधी गो टू क्यू १८. चॅनेल ५ आउट, मग अपडेट. सगळे चॅनेल शून्यावर आहेत याची खात्री झाल्यावरच क्यू १८, ब्लॉक, एंटर. ब्लॉक म्हणजे त्या क्यूतल्या व्हॅल्यू पक्क्या करणं, मग मागचं काही वाहत येत नाही. घाईने आधीच ब्लॉक केलं तर ३०% च पक्के होतात. पुढच्या प्रवेशाचा पहिला क्यूही तपासून ब्लॉक करावा. मधले क्यू मोकळेच ठेवा, नाहीतर एक दुरुस्ती प्रत्येक क्यूमध्ये करत बसावी लागते.