टोटल जुळली का गं?

२०१६ साली नाशिकच्या कॅनडा कॉर्नरजवळच्या एका सीए फर्ममध्ये आर्टिकलशिपला, म्हणजे सीए होण्याआधीच्या उमेदवारीला लागले. पहिल्याच दिवशी हातात हिरवं पेन आलं आणि समोर अंबडच्या एका कारखान्याच्या व्हाउचरच्या, म्हणजे खर्चाच्या नोंदींच्या कागदांच्या, अकरा फाइली. व्हाउचर उघडायचं, मागचं बिल बघायचं, लेजरमधली, म्हणजे खातेवहीतली रक्कम बघायची, टिक मारायची. संध्याकाळपर्यंत बोटं हिरवी. घरी आईला वाटलं, मुलगी पेंटिंगच्या दुकानात लागली की काय.

आता माझ्या हाताखाली येणाऱ्या आर्टिकलला ते पेन मिळत नाही. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून काढलेली एक्सेल फाइल मिळते. तेव्हा आम्ही हजारांतली पन्नास-साठ व्हाउचरं निवडून तपासायचो. आता वर्षभराच्या सगळ्या ओळी एका बैठकीत चाळता येतात. एकच बिल दोनदा चढलंय का, रविवारी कुणी नोंदी केल्यात का, बिलांच्या क्रमांकांत मध्येच खिंडार आहे का, हे पाच मिनिटांचं काम झालंय. म्हणून 'ऑडिटचं काम सोपं झालं' असं कुणी म्हणालं, तर त्याला सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या ऑफिसात आणून बसवा.

माझी फजिती सांगते. सिन्नरच्या एका युनिटचं टॅक्स ऑडिट होतं. खर्चाच्या अठरा हजार ओळी मी एक्सेलमध्ये घेतल्या, वर्षाच्या तारखांचा फिल्टर लावला आणि छाती पुढे काढून सरांना सांगितलं, "सर, दहा हजारांच्या वर रोखीने दिलेला एकही खर्च नाही." सरांनी मानही वर केली नाही. "टोटल जुळली का गं? ट्रायल बॅलन्सशी?"

ट्रायल बॅलन्स म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिलकांचा तक्ता. त्याच्याशी जुळली नव्हती. निम्म्याहून जास्त खर्च गायब होता. झालं असं, की माझ्या लॅपटॉपवर तारखेची मांडणी अमेरिकन होती, आधी महिना, मग दिवस. त्यामुळे ३ एप्रिलचा झाला ४ मार्च, आणि महिन्याच्या १३ तारखेपासून पुढच्या तारखा एक्सेलला कळेचनात, कारण तेरावा महिना नसतो. त्या नुसत्या अक्षरं म्हणून बसल्या आणि फिल्टरमधून गळून पडल्या. पुन्हा नीट केलं, तर ट्रक भाड्याची सात पेमेंट सापडली, सगळी रोखीची. तेव्हापासून डेटा हातात आला की पहिलं काम टोटल जुळवण्याचं, नंतर बाकीची हुशारी. आणि फाइल क्लायंटच्या अकाउंटंटकडून मेलवर मागवू नका. शेजारी बसून स्वतः एक्सपोर्ट करून घ्या. मेलवर येणाऱ्या फाइलला वाटेत बऱ्याचदा 'जरा नीट' केलेलं असतं.

जीएसटी १ जुलै २०१७ ला आला आणि आमचं निम्मं आयुष्य बिलं जुळवण्यात गेलं. पुरवठादाराने भरलेली बिलं आता जीएसटी पोर्टलवरच्या 'टू-बी' या यादीत आयती दिसतात, पण आपल्या पुस्तकात बिल '१२' असतं आणि तिकडे '०१२/२३-२४'. एक्सेलच्या व्हीलुकअपला (जुळणी शोधणाऱ्या सूत्राला) ही दोन वेगळी बिलं वाटतात. जीएसटी नंबर, रक्कम आणि महिना धरून जुळवलं की बरीचशी भांडणं मिटतात. राहिलेल्यांसाठी फोन.

दोन वर्षांपूर्वीची सातपूरची एक कंपनी मात्र मी विसरणार नाही. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये एडिट लॉग चालू असणं सक्तीचं आहे. कुठली नोंद कधी बदलली हे त्यात राहतं, लॉग बंद करता येता कामा नये, आणि त्यावर ऑडिटरला अहवालात लिहावं लागतं. (मालकी किंवा भागीदारी पेढीला हा नियम नाही, हे लक्षात ठेवा, नवीन मुलं तिथेही लॉग मागत बसतात.) लॉग उघडला तर विक्रीची चार बिलं १९ एप्रिलला रात्री पावणेबाराला बदललेली. ३१ मार्चची तारीख काढून २ एप्रिल टाकलेली, म्हणजे विक्री पुढच्या आर्थिक वर्षात ढकललेली. बदलणारा कोण? 'अ‍ॅडमिन'.

अकाउंटंट काकांना विचारलं, अ‍ॅडमिन कोण? काका हसले. मॉनिटरच्या कडेला, लक्ष्मीच्या स्टिकरखाली, पासवर्डची चिठ्ठी चिकटवलेली होती. "ताई, आम्ही सगळेच अ‍ॅडमिन."

मालकांचं म्हणणं, माल ३१ तारखेला निघालाच नव्हता. पण सरकारी पोर्टलवरच्या ई-इन्व्हॉइसवर (तिथे नोंदवलेल्या बिलावर) आणि ई-वे बिलावर (मालाच्या वाहतुकीच्या कागदावर) तारीख ३१ मार्चच होती. ती काही रात्री पावणेबाराला बदलत नाही. तरी खात्री म्हणून गेटवरचं रजिस्टर मागवलं. वॉचमनच्या तिरप्या अक्षरात ट्रकचा नंबर आणि '६.४० सायं.', तारीख ३१. विक्री मार्चमध्ये परत आली. बदल कुणी केला हे मात्र शेवटपर्यंत कळलं नाही. लॉग असूनही. सगळ्यांचा लॉगिन एकच असेल तर लॉग नुसता वेळ सांगतो, माणूस नाही. म्हणून आता कुठेही गेले की आधी विचारते, लॉगिन किती आहेत, नोकरी सोडून गेलेल्यांचे बंद केले का, मागच्या तारखेत नोंद करायची मुभा कुणाला आहे. ही यादी आर्टिकलला पाठ असलीच पाहिजे.

बँक ऑडिटची गंमत वेगळीच. माझ्या पहिल्या एप्रिलमध्ये शाखेचे मॅनेजर म्हणाले, "ते सीबीएसमधून काढून घ्या." नाशिकच्या माणसाला सीबीएस म्हणजे एसटी स्टँड! मी खरंच विचारलं, तिथे कुणाला भेटायचं? ते कोअर बँकिंग सोल्युशनबद्दल, म्हणजे बँकेच्या मुख्य कॉम्प्युटर सिस्टिमबद्दल बोलत होते. आता थकीत कर्ज एनपीए (अनुत्पादक कर्ज) आहे की नाही हे बँकांची सिस्टिमच ठरवते. रिझर्व्ह बँकेने त्यासाठी ३० जून २०२१ ची मुदत दिली होती. पण त्या खात्याबद्दल सिस्टिमला काय सांगितलेलं असतं? एका शाखेत कांद्याच्या पीककर्जाला दीर्घ मुदतीच्या पिकाचा कोड लागलेला. कर्ज कमी मुदतीच्या पिकाला दोन हंगाम, दीर्घ मुदतीच्या पिकाला एक हंगाम थकलं की एनपीए, असा हिशेब. कोड चुकला की मशीन चुकीचं उत्तर अगदी न चुकता काढतं. दहा खाती घ्या आणि कर्जाच्या अर्जावरचं पीक वाचा.

शिकायचं काय, हे सगळे विचारतात. पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकू का, असा पहिला प्रश्न. शिका, पण एक्सेलमधली पॉवर क्वेरी आणि पिव्हट आधी. आर्टिकलशिप आता तीनऐवजी दोनच वर्षांची आहे, वेळ कमी आहे. सीए झाल्यावर आवड असेल तर सीए इन्स्टिट्यूटचा माहिती प्रणाली ऑडिटचा कोर्स आहे, तो करा. आणि क्लायंटचं लेजर फुकटच्या एआय चॅटबॉटमध्ये टाकू नका. पगारपत्रक टाकून 'यातून चुका शोध' असं विचारणारा एक मुलगा मी पाहिलाय. क्लायंटची माहिती बाहेर देणं हा आपल्या व्यवसायात गैरवर्तणुकीचा विषय आहे, समोर माणूस असो की मशीन.

मागच्या ऑगस्टमध्ये लासलगावकडे एका कांदा व्यापाऱ्याचा स्टॉक बघायला गेलो होतो. खरेदी वजा विक्री, शिल्लक कॉम्प्युटरवर क्विंटलपर्यंत चोख. आमचा नवा आर्टिकल लॅपटॉप घेऊन गाडीतच बसायला निघाला होता. कांदा चाळीत पडून वजनात घटतो, सडतो, कोंब धरतो, आणि यातलं काहीही टॅलीत आपोआप उतरत नाही. मी त्याला टॉर्च दिला आणि खालच्या थरात हात घालायला सांगितलं. हात बाहेर आला तो ओला. तुम्ही जाल तेव्हा जुनी चप्पल घालून जा.