घेतलेली सेकंडहँड सायकल चोरीची निघाली तर काय करायचं

इंदूरमध्ये भंवरकुआंच्या बाजूला कोचिंगची मुलं एवढी आहेत की जुनी सायकल तिथे हातोहात खपते, कोणी परीक्षा आटोपून गावी निघाला की जाताजाता सायकल विकतो, नवीन आलेला घेतो, बिल वगैरे कोणी विचारत नाही. आणि सायकलीला मोटरसायकलसारखी आरसी नसतेच, त्यामुळे अगदी सरळ माणसाच्या हातातसुद्धा चोरीची सायकल येऊ शकते. तेवढ्याने तुम्ही चोर होत नाही. पण कळल्यानंतर काय करता ते महत्त्वाचं.

सगळ्यात आधी हे सांगते कारण बहुतेक लोक इथेच घसरतात: विकणाऱ्याला सायकल परत देऊन पैसे घेऊ नका. डोक्यात पहिलं तेच येतं, माझे पैसे दे तुझी सायकल घे, विषय संपला. पण होतं काय, तुमचे पैसे सुटतात आणि सायकल परत त्याच हातात जाते, चार दिवसांत महूला नाहीतर देवासला दुसऱ्या कोणाच्या गळ्यात पडते, आणि ज्याची गेली त्याच्यापर्यंत ती पोचायचा जो एक रस्ता होता, म्हणजे तुम्ही, तोच बंद होतो. पुढे विकून मोकळं होणं तर त्याहून वाईट, कारण आता तुम्हाला माहीत आहे.

कायदाही इथेच फरक करतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम ३१७ म्हणतं की माल चोरीचा आहे हे माहीत असून, किंवा तसं वाटायला कारण असून, बेइमानीने घेतला किंवा ठेवून घेतला तर तीन वर्षांपर्यंत शिक्षा, दंड किंवा दोन्ही. ‘ठेवून घेतला’ हे नीट वाचा. घेताना माहीत नव्हतं ते ठीक, पण कळल्यावर गप्प बसून चालवत राहिलात तर मग ते उत्तर पुरत नाही.

आता खात्री कशी करायची. सायकल उलटी करा, पायडलचा धुरा ज्या नळीतून जातो तिच्या खालच्या बाजूला बहुतेक कंपन्या फ्रेम नंबर ठोकतात, काहींचा सीटखालच्या नळीवर किंवा हँडलखाली असतो. वर ग्रीस आणि धुळीचा थर असतो, घासलेटचा बोळा फिरवला की आकडे दिसतात. आकड्यांच्या जागी कानशीचे ओरखडे असतील, किंवा तेवढ्याच भागावर ताजा रंग असेल, तर समजून जा. मागच्या चाकाचं कुलूपही बघा, ते उपटलेलं असेल तर बोल्टच्या जागी रंग खरवडलेला असतो. नंबरचा आणि सगळ्या बाजूंचे फोटो काढून ठेवा, विकणाऱ्याशी झालेलं चॅट, जाहिरातीचा स्क्रीनशॉट, यूपीआयची पावती, काही डिलीट करू नका.

मालक शोधताना ग्रुपवर फक्त ‘एक सायकल सापडली आहे, कोणाची गेली असेल तर खूण सांगा’ एवढंच टाका, नंबर किंवा फोटो टाकू नका नाहीतर दहा मालक उभे राहतील. जो येईल त्यालाच बोलू द्या. आमच्या राजेंद्रनगरात एका काकूंनी नातवासाठी घेतलेली सायकल अशीच निघाली, आणि दूध टाकणाऱ्या मुलाने न बघताच सांगितलं की सीटच्या खाली आतल्या बाजूला लाल वायर गुंडाळली आहे, स्प्रिंग वाजायची म्हणून. होती तिथेच. असं खऱ्या मालकालाच माहीत असतं, बिल नसलं तरी.

मालकाने रिपोर्ट लिहवली असेल तर सायकल परस्पर देऊन टाकू नका, ज्या थान्यात रिपोर्ट आहे तिथे दोघं मिळून जा. ते जप्ती करतील, तिची कॉपी मागून घ्या, मग मालकाला कोर्टातून सुपुर्दनाम्यावर, म्हणजे मागितली तेव्हा हजर करीन अशा लेखी हमीवर, सायकल मिळते, थोडा वेळ जातो पण दोघांच्याही डोक्याला नंतर ताप राहत नाही. मालक सापडतच नसेल तरीही सायकल थान्यातच द्या. आणि मालक सापडला पण त्याची रिपोर्टच नसेल तर त्याला दोन माणसांसमोर द्या, कागदावर फ्रेम नंबर, तारीख आणि दोघांच्या सह्या घ्या.

पैशांचं दुखतं, मला माहीत आहे, तीन-चार हजार कोणाला झाडावर लागत नाहीत. पण ते मालकाकडे मागू नका, अर्धे पण नाही. त्याची वस्तू त्यानेच विकत का घ्यायची? १९३० च्या माल विक्री कायद्याप्रमाणे ज्याची मालकीच नव्हती त्याच्याकडून तुम्हाला मालकी मिळत नाही, पण विकणाऱ्याकडून किंमत परत मागायचा हक्क मात्र मिळतो, तेव्हा पैसे त्याच्याकडूनच, लेखी, थान्यात त्याचं नाव आणि नंबर देऊन. चोर पकडला जाऊन दोषी ठरला आणि अटकेत त्याच्याकडे पैसे सापडले असतील तर अजाणता घेणाऱ्याला त्यातून किंमत द्यायचा आदेश कोर्ट देऊ शकतं, अर्ज तुम्हालाच करावा लागतो.

तुम्ही लावलेली घंटी, लाइट, बाटलीचा स्टँड काढून घ्या, खुशाल. टायर किंवा ब्रेक बदलले असतील तर ते राहू द्या, परत करायची सायकल चालती असली पाहिजे. आणि घरात लहान मूल तिच्यावर बसत असेल तर त्याच्या नकळत सायकल गायब करू नका, कोणाची आहे ते सांगा, द्यायला जाताना त्यालाही बरोबर घ्या.