मलिद्याचं ताट कसं भरायचं

नवस फेडायचा असो, लग्नघर असो की नव्या जागेत राहायला जायचं असो, आम्हा बेने इस्रायलींकडे, म्हणजे कोकणातल्या ज्यूंकडे, गोड पोह्यांचा मलिदा होतोच. हल्ली मुली केटररला फोन करून मोकळ्या होतात. माझं सांगणं एवढंच, की ताट तरी घरी भरा.

पंचवीस माणसांना एक किलो जाडे पोहे, तीन नारळ, अर्धा किलो साखर, वेलची-जायफळ, बदाम-पिस्त्याचे काप आणि बेदाणे. पोहे चाळणीत घेऊन दोनदा धुवा आणि निथळत ठेवा. दाणा बोटाने सहज चेपला गेला पाहिजे, पण लगदा नको. नारळ खवताना करवंटीलगतचा काळपट भाग येऊ देऊ नका. मलिदा पांढराशुभ्रच दिसायला हवा. साखर अगदी शेवटी, हझान (प्रार्थना म्हणणारे) येऊन बसले की मगच. आधी घातली तर पाणी सुटतं आणि पोहे बसतात.

तूप घालू नका, चमचाभरसुद्धा नाही. दर्ग्यातला मलिदा गव्हाचा, चपात्या कुस्करून तूप-गूळ घालून केलेला. त्याची चव मला आवडते, पण आपला वेगळा. मलिद्यानंतर पानात मटण येतं, आणि मांसाबरोबर दूधदुभतं आपल्याला चालत नाही. कोकणात नारळ दारातच असतो, त्यानेच दुधाची जागा घेतली. मटणाच्या रश्शात नारळाचं दूध, रोश हशानाच्या, म्हणजे आपल्या नववर्षाच्या, गव्हाच्या चिकाच्या हलव्यातही तेच. तोराचा, म्हणजे आपल्या धर्मग्रंथाचा, नियम आणि अलिबागची वाडी यांचं इतकं चांगलं जमलेलं मी दुसरीकडे पाहिलं नाही.

पोह्यांचा ढीग मोठ्या थाळीत मधोमध लावा आणि भोवती फळं मांडा. निदान पाच प्रकार हवेत. इथे घाई करू नका, कारण प्रत्येक प्रकाराची बेराखा, म्हणजे आशीर्वादाची प्रार्थना, वेगळी. खजूर झाडाचं फळ, त्याची एक. केळं दिसतं झाडाला, पण धर्मशास्त्राप्रमाणे ते जमिनीचं पीक, त्याची दुसरी. गुलाबाची फुलं सुवासाच्या बेराखासाठी, म्हणून वास नसलेले फार्मचे गुलाब आणू नका. देशी गुलाबच हवा. सफरचंद, संत्रं, चिकू जे मिळेल ते चालेल, मात्र खजूर आणि केळं यांना पर्याय नाही.

किद्दूशसाठी, म्हणजे पेल्यावर म्हणायच्या प्रार्थनेसाठी, वाइन नसेल तर काळ्या मनुका रात्री भिजवा, सकाळी हाताने कुस्करून गाळा. हे सरबत बाटलीतल्या द्राक्षरसापेक्षा कितीतरी सरस लागतं.

मग एलियाहू हन्नाबीचं गाणं. ज्यांच्या नावाने हे ताट भरतो त्या पैगंबरांचा रथ अलिबागजवळच्या खंडाळ्याला उतरला असं आपण मानतो. तिथल्या खडकावरच्या खुणा दाखवायला मुलांना 'तू बिश्वत'ला, म्हणजे झाडांच्या नववर्षाच्या सणाला, जरूर न्या. नवगावचं जुनं कब्रस्तानही दाखवा. पूर्वजांचं जहाज तिथेच फुटलं, असं आपले वाडवडील सांगत आले. वाचलेल्यांनी तेलाचे घाणे घातले, शनिवारी घाणा बंद ठेवला, म्हणून गावाने 'शनवार तेली' म्हटलं. गावांवरून पेणकर, रोहेकर, किहीमकर झाले. दिवेकरांपैकी सामाजी हसाजींनी १७९६ मध्ये मुंबईतलं पहिलं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनामंदिर) बांधलं. हे सगळं सांगायला ताट भरतानाइतकी चांगली वेळ नाही, कारण मुलांचे हात फळं मांडण्यात गुंतलेले असतात आणि कान मोकळे.

इस्रायलमध्ये लोद किंवा अश्दोदला राहत असाल तर भारतीय किराणा दुकानातून पोहे आणा. खजूर तिथला आपल्यापेक्षा चांगला. ओला नारळ मिळाला नाही तर सुकं खोबरं कोमट पाण्यात भिजवून घ्या. डब्यातलं घट्ट गोड दूध मात्र कोणी सुचवलं तरी घालू नका.

वाढताना प्रत्येकाच्या बशीत पोहे आणि सगळ्या फळांची एकेक फोड गेली पाहिजे. शेजाऱ्यांच्या बशा आधीच काढून ठेवा. उरलेला मलिदा संध्याकाळपर्यंत संपवा. ओल्या नारळामुळे उन्हाळ्यात तो लगेच आंबतो.