सामायिक कोड फाइल्स: साइट जड करणाऱ्या या चुका टाळा

दादरमधल्या एखाद्या फराळाच्या दुकानाची साइट घ्या. पानं चार: मुख्य पान, पदार्थांची यादी, ऑर्डर, संपर्क. दिवाळीच्या तोंडावर ग्राहक ती उघडणार गर्दीच्या लोकलमध्ये, स्वस्त फोनवर, येत-जात असलेल्या रेंजमध्ये. साइट रखडली की पहिला संशय फोटोंवर जातो. फोटो हलके करूनही पान अडकत असेल, तर चारही पानांच्या सामायिक सीएसएस (पान कसं दिसावं ते सांगणाऱ्या) आणि जावास्क्रिप्ट (बटणं-फॉर्म चालवणाऱ्या) फाइल्स कशा रचल्यात ते बघा.

‘कॉमन’ नावाचं गोदाम

दोन पानांना एखादं फंक्शन, म्हणजे ठरावीक काम करणारा कोडचा तुकडा, लागलं की ते कॉमन फाइलमध्ये टाकायचं, ही सवय सर्वांत महाग पडते. संपर्काच्या पानावर फक्त पत्ता आणि नकाशा असतो, पण त्यासाठी स्लायडर (सरकणारे फोटो), पिनकोड तपासणी आणि पेमेंटचा कोडही उतरतो. नुसता उतरत नाही. फोनच्या प्रोसेसरला तो वाचून चालवावाही लागतो, आणि तेवढा वेळ बटणं दाबली तरी प्रतिसाद मिळत नाही. शिवाय त्या फाइलमधली एक ओळ बदलली की चारही पानं पुन्हा तपासावी लागतात.

सगळ्या पानांना लागतं तेवढंच सामायिक ठेवा. दोनच पानांना लागणाऱ्या कोडची वेगळी फाइल करा, आणि तिला ‘हेल्पर्स’ असं मोघम नाव न देता ‘पिनकोड-तपासणी’सारखं कामाचं नाव द्या. न वापरलेला कोड शोधायला क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये (डेव्हलपरसाठीच्या साधनांत) कंट्रोल, शिफ्ट आणि पी दाबा, उघडलेल्या चौकटीत ‘Coverage’ टाइप करून कव्हरेज पॅनेल उघडा आणि पान रीलोड करा. न वापरलेला भाग लाल दिसतो. मात्र लाल दिसलं म्हणून लगेच उडवू नका. मेनू उघडल्यावर किंवा फॉर्म चुकल्यावर चालणारा कोडही सुरुवातीला लालच असतो. आधी सगळी बटणं दाबून बघा.

फार बारीक तुकडे

याच्या उलट, कोडच्या खूप लहान फाइल्स करण्याची चूकही होते. ब्राउझर आणि सर्व्हर एचटीटीपी या नियमांनी बोलतात. त्याच्या जुन्या एचटीटीपी १.१ मध्ये ब्राउझर एका होस्टशी (सर्व्हरच्या पत्त्याशी) साधारण 6 जोडण्या उघडतो. 2015 साली आलेल्या एचटीटीपी २ मध्ये एकाच जोडणीवरून अनेक फाइल्स एकत्र येतात. म्हणून शंभर फाइल्स केल्या तरी चालतील, असं वाटतं. पण एक फाइल दुसरी मागते, दुसरी तिसरी मागते, आणि प्रत्येक मागणीला सर्व्हरची वेगळी फेरी होते. एक फेरी 200 मिलिसेकंदांची धरली तर पाच पायऱ्यांच्या साखळीत एक सेकंद जातो. सीएसएसमधल्या इम्पोर्टचंही, म्हणजे एका फाइलने दुसरी मागवण्याचंही, तेच. साखळी बिल्ड करतानाच, म्हणजे साइटच्या अंतिम फाइल्स तयार करतानाच, जोडून टाका.

कॅशची गफलत

नवे दर टाकले तरी ग्राहकाला जुने दिसतात, आणि त्याला ‘कॅश (ब्राउझरने साठवलेल्या फाइल्स) क्लिअर करा’ सांगितलं जातं. चूक त्याची नाही. फाइलचं नाव तेच ठेवून साठवण्याची मुदत वर्षाची दिली, की ब्राउझर जुनीच फाइल दाखवणार. नावात मजकुरावरून काढलेला हॅश (मजकूर बदलला की बदलणारी अक्षर-आकड्यांची खूण) घाला. अशा फाइलला सर्व्हरच्या कॅश-सूचनेत मॅक्स-एज 31536000 (एका वर्षाचे सेकंद) आणि इम्म्युटेबल (फाइल बदलणार नाही) द्या. एचटीएमएलला, म्हणजे मूळ पानाच्या फाइलला, मात्र नो-कॅश द्या. या नावाने फसू नका: ब्राउझर पान साठवतो, फक्त वापरण्याआधी सर्व्हरला विचारतो.

लायब्ररी (दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड) आणि स्वतःचा कोड एकाच बंडलमध्ये, म्हणजे एकाच जोडलेल्या फाइलमध्ये, नको. तुमचा कोड आठवड्याला बदलतो, लायब्ररी क्वचित. एकत्र असतील तर एका स्वल्पविरामासाठी ग्राहक सगळं पुन्हा उतरवतो. डिप्लॉय करताना, म्हणजे नवी आवृत्ती सर्व्हरवर चढवताना, जुन्या हॅशच्या फाइल्स लगेच पुसू नका. ज्याचा टॅब सकाळपासून उघडा आहे, त्याला ऑर्डरच्या पानावर 404, म्हणजे ‘फाइल सापडली नाही’ ही चूक, मिळेल. मागच्या दोन-तीन डिप्लॉयच्या फाइल्स राहू द्या.

लायब्ररी सार्वजनिक सीडीएनवरून (अनेक साइट्सना फाइल्स पुरवणाऱ्या सर्व्हरवरून) घेतली की ती दुसऱ्या साइटमुळे आधीच कॅशमध्ये असेल, हा हिशेब आता चुकतो. क्रोमने 2020 पासून आणि फायरफॉक्सने 2021 पासून प्रत्येक साइटची कॅश वेगळी केली आहे. नव्या डोमेनशी जोडणीचा वेळ तेवढा वाढतो.

एकमेकांवर अवलंबून असलेल्या स्क्रिप्टना (जावास्क्रिप्ट फाइल्सना) असिंक लावू नका, डिफर लावा. असिंकमध्ये जी आधी उतरेल ती आधी चालते. डिफरमध्ये क्रम टिकतो.

सामायिक सीएसएसमधला क्लास (दिसण्याच्या नियमांच्या गटाचं नाव) काढण्याआधी पूर्ण प्रोजेक्टमध्ये शोधा. ‘बटण-’ला रंगाचं नाव जोडून जावास्क्रिप्टने बनवलेला क्लास शोधात सापडत नाही, म्हणून नावाचा अर्धा भागही वेगळा शोधा.